पास झाल्या झाल्या डायरेक्ट आयसीयू घेऊ का?

चाफेकळी:
नर्सिंगचा निकाल लागला एकदाचा. दोन ठिकाणहून बोलावणं आलंय, एक मेडिकल वॉर्ड आणि दुसरं आयसीयू. मला पहिल्यापासून क्रिटिकल केअरच करायचंय पण आमच्या मॅडम म्हणतात आधी वर्षभर वॉर्ड कर, हात बसू दे, मग जा कुठे जायचंय तिथे. पोस्टिंगला आयसीयू बघितलंय पण तेव्हा जबाबदारी दुसऱ्याची होती ना. कुणी डायरेक्ट गेलंय का? झेपतं का??

नाईटवाली:
मी गेले डायरेक्ट. झेपतं, पण पेशंट कमी म्हणजे काम कमी असं डोक्यात असेल तर काढून टाक. एक नाहीतर दोनच पेशंट असतात पण त्यांचं सगळं तुझ्या अंगावर, नॉरअॅड (बीपी वर ठेवणारं औषध) चालू, एमएपी म्हणजे सरासरी बीपी 65 च्या वर ठेवायला सांगितलेला, तासातासाचं युरिन आउटपुट, मधेच व्हेंट, म्हणजे श्वासाचं मशीन, बोंबलतो. अलार्म वाजला की आधी पेशंट बघायचा, स्क्रीन नंतर. हाय प्रेशर म्हणजे बरेचदा सिक्रिशन्स (कफ) साठलेत, ट्यूब चावतोय नाहीतर कुठेतरी वाकलीये, लो प्रेशर म्हणजे काहीतरी सुटलंय किंवा लीक आहे. आणि बेड उंच केला की आर्ट लाईनचा (धमनीतली बीपी मोजायची नळी) ट्रान्सड्युसर म्हणजे सेन्सर पण हार्टच्या लेव्हलला वर घ्यायचा, तो खाली राहिला तर बीपी खोटं जास्त दिसतं आणि आपण खुशाल नॉरअॅड कमी करत बसतो. हे पुस्तकात असतं पण अंगात मुरायला शेजारी कुणीतरी लागतं.

जुनी सिस्टर:
वॉर्डला उगाच नावं ठेवतात सगळे. आयसीयूत प्रत्येकाला वायरी लावलेल्या, वॉर्डात कोण बिघडतोय ते तुला चालता चालता ओळखायचंय. बीपी अजून छान आहे पण श्वास 18 वरून 26 वर गेलाय, हे ज्या पोरीला दिसतं ती पुढे कुठेही टिकते. पण मॅडमचं "वर्षभर वॉर्ड कराच" हे मला काही पटत नाही. नर्स नवशिकीची तज्ज्ञ कशी होते त्या पॅट्रिशिया बेनरच्या 5 पायऱ्या शिकलीस ना, त्यात पण हेच आहे की फील्ड बदललं की अनुभवी माणूस पुन्हा नोव्हिस, म्हणजे नवशिका. वॉर्ड करून गेलीस तरी व्हेंटसमोर नवीनच असणार बाळा.

डबलचेक:
मी एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या आयसीयूत आहे. युनिटचं नाव सोड, ओरिएंटेशन (सुरुवातीचं ट्रेनिंग) किती ते विचार. प्रिसेप्टर (सोबत राहून शिकवणारी सिनियर) एकच की रोज वेगळी? किती आठवडे तुला स्टाफच्या नंबरात धरणार नाहीत, म्हणजे एकटीवर पेशंट टाकणार नाहीत? नाईट कधीपासून? आमच्याकडे डोस वजनावर, पॉइंट एक घर सरकला की दहापट औषध जातं, म्हणून दोघींनी वेगवेगळं कॅल्क्युलेशन करून मगच द्यायचं. नवीन मुलीला अशी दुसरी बाई मिळत नसेल तर तिथे जाऊच नये, कितीही भारी युनिट असो.

चाफेकळी:
फोन करून विचारलं. 12 आठवडे प्रिसेप्टर देतो म्हणाल्या, पण "स्टाफ कमी असेल तेव्हा" नंबरात धरणार.

नाईटवाली:
स्टाफ कमी नसतो कधी ते पण विचारायचंस की!

डबलचेक:
ऑफर लेटरमध्ये लिहून माग. दिलं तर आयसीयू घे डोळे झाकून, टाळाटाळ केली तर आत्ता वॉर्ड घे आणि दुसरीकडच्या आयसीयूत अर्ज टाकत राहा.