स्प्लिट रॉक दीपगृह: कशामुळे बांधलं, आणि भिंग पाऱ्यावर तरंगतं म्हणजे काय?

उत्तरकाठ:
अमेरिकेतल्या लेक सुपीरियर या सरोवराच्या काठावर, डुलुथ शहराच्या ईशान्येला कड्यावर उभ्या असलेल्या स्प्लिट रॉक दीपगृहाबद्दल तीन शंका आहेत. ‘एडमंड फिट्झजेराल्ड’ ही मालवाहू बोट बुडाली म्हणून ते बांधलं आणि 29 हा आकडा त्याच्याशी जोडलेला आहे, असं बऱ्याच ठिकाणी वाचलं. हे खरं आहे का? एवढ्या अफाट सरोवरासाठी 54 फुटांचा मनोरा कसा पुरला? आणि भिंग पाऱ्यावर तरंगतं, हे कुणी नीट समजावून सांगेल का?

जुनी_नोंद:
दोन 29 एकमेकांत मिसळलेत. फिट्झजेराल्ड 10 नोव्हेंबर 1975 ला बुडाली, त्यात 29 माणसं गेली. दीपगृहाची बत्ती लागली 31 जुलै 1910 ला. म्हणजे 65 वर्षं आधी.

दुसरे 29 जहाजांचे. नोव्हेंबर 1905 च्या वादळात सुपीरियरवर 29 जहाजांचं नुकसान झालं. ‘माताफा’ तर डुलुथ बंदराच्या तोंडाशीच धक्क्यावर आपटली आणि किनाऱ्यावरच्या गर्दीच्या डोळ्यांदेखत तिच्यावरचे 9 जण गेले. आताच्या दीपगृहाजवळच ‘मदेरा’ हे दुसऱ्या बोटीने ओढून न्यायचं मालवाहू जहाज गोल्ड रॉक नावाच्या खडकावर फुटलं. फ्रेड बेन्सन नावाच्या खलाशाने दोर घेऊन कड्यावर उडी मारली, वर चढून दोर खाली सोडला, म्हणून एक सोडून बाकीचे वाचले.

त्या वादळात पोलाद कंपनीच्या खनिजवाहू ताफ्याचं मोठं नुकसान झालं होतं, त्यामुळे दीपगृहासाठी जोर लागला. त्यात इथल्या खडकातल्या लोहखनिजामुळे होकायंत्र भरकटतं, ही जुनी तक्रार होतीच. 1907 मध्ये अमेरिकेच्या संसदेने (काँग्रेस) 75,000 डॉलर मंजूर केले. आराखडा आणि देखरेख राल्फ टिंकहॅम या अभियंत्याची. रस्ता नव्हता (तो 1924 मध्ये आला), म्हणून विटा, पोलाद, सिमेंट सगळं बोटीने कड्याच्या पायथ्याशी आणायचं आणि वर बसवलेल्या वाफेच्या यारीने उचलायचं. दीपगृहाच्या इतिहासातलं सगळ्यात अवघड काम हेच असावं, आणि त्याबद्दलच सगळ्यात कमी लिहिलं जातं.

जहाजांसाठी रोज बत्ती लावणं 1969 मध्ये बंद झालं. फिट्झजेराल्ड बुडाली त्या रात्री एक बत्ती बंद पडली होती, पण ती वेगळी, सरोवराच्या पूर्वेकडच्या टोकाला व्हाइटफिश पॉइंटची.

होकायंत्र:
मनोऱ्याची उंची बघू नका, पाण्यापासून दिव्याची उंची बघा. कडाच 130 फुटांचा आहे. दिवा येतो 168 फुटांवर. सूत्र सोपं: उंचीच्या (फुटांत) वर्गमुळाला 1.32 ने गुणा, क्षितिजाचं अंतर मैलांत मिळतं. 168 चं वर्गमूळ सुमारे 12.96, म्हणजे 17.1 मैल. जहाजावर बघणाऱ्याचा डोळा 15 फुटांवर असेल तर त्याचे 5.1. बेरीज 22.2. अधिकृत पल्ला 22 मैल होता, बरोबर जुळतं. कड्यावर उंच मनोरा चढवला असता तर पल्ला जरा वाढला असता, पण दिवा धुक्यात जास्त वेळा अडकला असता. धुक्यात तसाही दिवा निरुपयोगी, म्हणून शेजारच्या इमारतीत दाबाच्या हवेवर वाजणारा भोंगा होता.

लोलक:
पाऱ्याचं सांगतो. भिंग पॅरिसहून आलेलं, तिसऱ्या श्रेणीचं (दीपगृहाच्या भिंगांच्या श्रेणी आकारावरून ठरतात), मिटलेल्या शिंपल्यासारखं दोन बाजूंचं. मधली वर्तुळं प्रकाश वळवतात, वरखालचे लोलक तो आतल्या आत परावर्तित करून त्याच झोतात आणतात. एका फेरीला 20 सेकंद लागतात आणि झोत दोन, म्हणून दर 10 सेकंदांनी एक लखकन उजेड. खलाशी हा ठेका मोजूनच ‘हे स्प्लिट रॉक’ असं ओळखायचा. ठेका चुकला तर दिवा चालू असूनही चुकीची माहिती देतो.

एवढं जड काचकाम चाकांवर ठेवलं तर घर्षण फार. म्हणून गोल द्रोणीत पारा, त्यावर तसाच गोल तरंगता भाग, आणि त्यावर भिंग. तरंगता भाग द्रोणीत जवळपास भरून बसतो, त्यामुळे पारा फक्त मधल्या फटीपुरता लागतो. पारा पाण्याच्या 13.6 पट जड, म्हणून थोडक्यात भागतं. बोटाने ढकललं तरी भिंग सरकतं.

बिघडतं कुठे? पाऱ्यावर धूळ आणि गंजाची साय धरली की ओढ वाढते, फेरी मंदावते. मग पारा काढून मऊ कातड्यातून गाळायचा. द्रोणी समतल नसेल तर झोत एका बाजूला आकाशात, दुसऱ्या बाजूला पाण्यात. आणि पाऱ्याची वाफ विषारी, हे वेगळं सांगायला नको.

उत्तरकाठ:
धन्यवाद. वीज नसताना फिरवत कसे होते? आणि रॉकेलचा उजेड 22 मैल जायचा?

लोलक:
वजनावर चालणारं, घड्याळासारखं यंत्र होतं. मनोऱ्याच्या मध्यातून वजन खाली उतरतं, दर दोन तासांनी हँडल मारून ते वर घ्यायचं. वेग एकसारखा ठेवायला त्यात गव्हर्नर नावाचा नियंत्रक असतो.

दिवा वातीचा नव्हता. पेट्रोमॅक्स आठवा: दाबाखाली रॉकेल, तापलेल्या नळीत त्याची वाफ, ती मॅन्टलवर (जाळीच्या टोपीवर) जळते. नळीत काजळी बसली की ज्योत पिवळी पडते आणि लोलकांवर काळा थर चढतो, म्हणून भोक सुईने साफ ठेवायचं. दिवसा काचांना पडदे लावत, नाहीतर सूर्याचा प्रकाश उलट आत एकवटून दिवाच जाळतो. 1940 मध्ये वीज आली, 1000 वॉटचा बल्ब लागला आणि रॉकेलचा दिवा मिशिगनमधल्या ओ सेबल पॉइंटला गेला.

होकायंत्र:
बघायला जाणार असाल तर 10 नोव्हेंबर गाठा. फिट्झजेराल्डच्या 29 जणांची नावं वाचून घंटा वाजवतात, तिसावा टोल बाकी सगळ्या बुडालेल्यांसाठी, आणि मग बत्ती लावतात. अंधार पडल्यावर मनोऱ्यावर चढायला मिळतं ते तेव्हाच. वारा झोंबतो, कानटोपी न्या.