पसरणी घाटात ब्रेक पेडल मऊ. मोठी डिस्क बसवू का?

वाईकडे उतरताना पेडल खोल जातं, गार झालं की पुन्हा कडक. गाडी ट्रॅकवरही न्यायची आहे.

> आधी ब्रेक ऑइल बदला, दादा. नवं डॉट ४ (ब्रेक ऑइलचा एक दर्जा) किमान २३० अंश सेल्सिअसला उकळतं. ओलावा शोषला की १५५ लाही उकळू शकतं. वाफ दबते, म्हणून पेडल मऊ. डॉट ५.१ चालेल. डॉट ५ सिलिकॉनचं, ते मिसळायचं नाही!

> पेडल कडक, तरी गाडी थांबेना, तर दोष पॅडचा (डिस्कवर घासून गाडी थांबवणारा भाग). निव्वळ ट्रॅकचे पॅड गार असताना धरत नाहीत, रस्त्यावर नकोतच. नवे पॅड मोकळ्या रस्त्यावर ताशी १०० किमीवरून ३० पर्यंत ब्रेक दाबत आठ-दहा वेळा तापवा. तापलेले असताना पूर्ण थांबलात तर डिस्कवर पॅडचा डाग बसतो, स्टिअरिंग थरथरतं.

> घाटात दुसरा गिअर टाकता ना? ब्रेक कमी तापतात. मोठ्या डिस्कआधी कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) रिमला घासेल का, ते मोजा.