पूर्वी डोक्यावर घेतलेला एकपात्री प्रयोग आता परत बघताना काय वाटलं? (अनुभव लिहा)

लक्ष्मण देशपांड्यांचं 'वऱ्हाड निघालंय लंडनला' १९७९ सालचं, आमच्या बेळगावात ते घराघरात पोचलं ते कॅसेटवरून. आता संदीप पाठक करतात, ते बघितलं आणि जुनं सगळं वर आलं. तुमचं पण लिहा, लांबलं तरी चालेल.

—

निपाणीहून लिहितोय. आई विड्या वळायची, मांडीवर सूप, शेजारी टेप, आणि 'वऱ्हाड'मधला बबन सुरू झाला की आजूबाजूच्या बायका पण आपापलं सूप घेऊन आमच्याच सोप्यात यायच्या, हात चालूच असायचे पण मधेच सगळ्याजणी पोट धरून हसायच्या आणि तंबाखू सांडायची. गेल्या दिवाळीत आईला मोबाईलवर व्हिडिओ लावून दिला तर म्हणते, बाकीची माणसं कुठायत रे? बावन्न पात्रं एकटाच करतोय म्हटल्यावर तिला खरंच वाटेना, इतकी वर्षं तिच्या लेखी ती अख्खी नाटक कंपनी होती. मग शेवटपर्यंत हसलीच नाही, नुसती त्या उपरण्याकडं बघत बसली, आता डोक्याला गुंडाळलं, आता खांद्यावर टाकलं. माझ्या मते ह्यापेक्षा मोठी दाद नाही.

—

खानापूर. पोरं 'वऱ्हाड'चा व्हिडिओ दीडपट स्पीडनं बघायलेत ओ! वाक्य संपल्यावर तो माणूस जरा थांबतो, खरी गंमत तिथंच आहे. प्लीज असं बघू नका.

—

माझं जरा वेगळं, प्रयोग नाही तर पुलंचं कथाकथन, 'रावसाहेब'. पुलं आमच्या बेळगावच्या आरपीडी कॉलेजात प्रोफेसर होते आणि रावसाहेब म्हणजे बेळगावचेच कृष्णराव हरिहर, म्हणून घरी केवढा अभिमान. पण पुण्याला हॉस्टेलवर गेलो तेव्हा पोरं तेच कानडी हेल काढून मला चिडवायची, मग मी ते ऐकणंच सोडलं. आता वडील गेल्यावर परत लावलं. शिव्या, आरडाओरडा सगळं तसंच, पण रावसाहेब गेल्याचं सांगताना पुलंचा आवाज किती जपून चाललाय हे तेव्हा कळलंच नव्हतं, तेवढा भाग मी परत परत ऐकला. वडील पण घरी असंच बोलायचे, अर्धं कानडी अर्धं मराठी, आणि रागात असले की पूर्ण कानडी. बायको कोल्हापूरची, तिला आता मी एकेक वाक्य थांबवून सांगायलोय.

—

'बटाट्याची चाळ' १९६१ चं, ते स्टेजवर बघितलेलं कुणी आपल्या भागात आहे काय? असतील तर त्यांच्याकडून लिहून घ्या की, मला वाचायचंय.