दुधाची कार्गो ई-सायकल : चिमटा बदलू की गिअर वाढवू?

पांदणवाला_घाटंजी
राम राम मंडळी. मागून लांब असलेली कार्गो ई-सायकल आहे. मोटर पायडलजवळ, 36 व्होल्ट, 250 वॅट. दोन्ही बाजूंना 20-20 लिटरचे दुधाचे कॅन. रस्ता अर्धा डांबरी, अर्धी पांदण, सगळी काळी माती. पुढे 26 इंची चाक आणि 100 मिमी दबणारा साधा स्प्रिंगचा शॉकअप. त्याचे पाय 28 मिमी जाडीचे, ब्रेक मारला की कटकट वाजून मागेपुढे हलतात. मागे 8 स्पीडची कॅसेट, म्हणजे 11 ते 32 दातांच्या आठ चकत्यांचा संच, पुढचं चेनव्हील 44 दातांचं. चढावर जोर लावला की लहान चकत्यांवर चेन सटकून राहिली आहे. 120 मिमीचा हवेचा शॉकअप आणि 10 स्पीडचा सेट टाकायचं मनात आहे. मापं कशी घ्यायची, आणि हा खर्च योग्य जागी होतो का?

छर्रे_ग्रीस
दादा, 120 मिमीचा घेऊ नका. कॅनचं वजन मागच्या चाकावर येतं, पुढचा शॉकअप फक्त तुमची मनगटं सांभाळतो. चिमटा, म्हणजे पुढचं चाक धरणारे दोन पाय, 20 मिमीने उंच झाला की त्याचा कोन साधारण एका अंशाने पडतो. मग मागे 40 किलो दूध असताना हळू वेगात हँडल आपोआप बाजूला पडू पाहतं. पांदणीच्या चाकोरीत तर सायकल सावरणं कठीण. तुमच्या शॉकअपचे आतले बुश, म्हणजे पाय ज्यातून सरकतात त्या कड्या, झिजलेत. धूळ आणि पाणी आत गेलं की स्वस्त शॉकअपचं हेच होतं, नवा घातला तरी पुन्हा होईल.

बिनशॉकअपचा जाड स्टीलचा चिमटा घ्या आणि 2.35 इंची टायर. पुढे 30 पीएसआयच्या आसपास हवा ठेवली की खड्ड्यांचा बराच मार टायरच खातो.

मापं अशी: एक्सलच्या मध्यापासून वर क्राउन रेस (चिमट्याच्या माथ्यावरची छर्र्यांची कडी) बसते तिथपर्यंतची उंची घ्या. शॉकअप माणूस बसल्यावर दबतो, म्हणून त्यातून 20 मिमी वजा करून नवा चिमटा निवडा. स्टिअररची, म्हणजे चिमट्यातून वर हँडलकडे जाणारी नळी व्हर्निअरने मोजा. वर 28.6 आणि खाली रेसच्या जागी 30 मिमी असेल तर सरळ, तिथे 39.8 असेल तर निमुळती. एक्सलची रुंदी 100 मिमी आहे का आणि डिस्क ब्रेकच्या कॅलिपरची बैठक कोणत्या जातीची आहे, हेही जुळवा. 180 मिमीची डिस्क चालते असं त्या चिमट्याच्या माहितीत लिहिलेलं हवं.

बसवताना एका जागी चीर दिलेली क्राउन रेस घ्या, ती हातानेच बसते. नळी स्टेमच्या (हँडल धरणाऱ्या भागाच्या) वरच्या काठापेक्षा 3 मिमी खाली राहील अशी कापा. आधी वरच्या टोपीचा बोल्ट आवळून खेळ काढा, मगच स्टेमचे बोल्ट 5-6 न्यूटन-मीटरवर. उलट क्रम केला तर टोपी कितीही आवळा, खेळ जात नाही आणि छर्रे रेसला खड्डे पाडतात.

चेनव्हील_38
10 स्पीडचा विचार सोडा. पायडलजवळच्या मोटरचा सगळा जोर चेनमधून जातो. 8 स्पीडची चेन बाहेरून सुमारे 7.1 मिमी रुंद, 10 स्पीडची 6 च्या आत, आणि तिच्या चकत्याही पातळ.

सटकण्याचं कारण झीज. स्टीलची पट्टी घ्या. 24 कड्या म्हणजे बरोबर 12 इंच. एका पिनच्या काठावर शून्य ठेवा आणि चोविसाव्या कडीनंतरच्या पिनचा तोच काठ पाहा. 12 इंचांच्या 1/16 इंच पुढे गेला तर चेन बदला. 1/8 इंच गेला असेल तर कॅसेटही गेली, नुसती नवी चेन टाकली तर ती जास्तच सटकेल.

कॅसेट 8 स्पीडचीच 11-34 घ्या, सगळ्या चकत्या स्टीलच्या. आताचा डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग) 34 दात घेतो का ते आधी बघा. पुढे 38 चं चेनव्हील लावलं तर सगळ्यात हलका गिअर आजच्यापेक्षा 19 टक्क्यांनी हलका होतो. मात्र मोटरचं आवरण बाहेर आलेलं असेल तर लहान चेनव्हील त्याला घासतं, म्हणून मोजून घ्या.

थांबण्याआधी मोठ्या चकतीवर या. लहान चकतीवरून मोटरच्या जोरावर उठणं हेच चकत्या खातं. गिअर टाकताना क्षणभर पायडल ढिलं सोडा. आणि जळकं इंजिन ऑइल चेनला लावू नका. उन्हाळ्यातली धूळ त्यात मिसळली की लेप तयार होतो आणि पिना घासून काढतो.

वऱ्हाडी_स्पोक
भाऊ, दोघायचं बरोबर आहे, पण चाकाच्या तारा (स्पोक) राहून गेल्या. मांगच्या चाकाले 13 गेजच्या तारा टाका. 14 ची तार 2 मिमीची, 13 ची 2.3. हबच्या (चाकाच्या मधल्या भागाच्या) भोकातून जाते का ते एक तार टाकून पाहा लागते, तारा आवळायचे निप्पलबी 13 चेच लागतात. पावसाळ्यात पुढचा मडगार्ड काढून ठेवा. काळी माती त्यात अशी भरते का चाकच जाम होते. चिमटा अन् टायरमंधी 10 मिमी तरी जागा पाह्यजे. धुताना बादलीनं धुवा, मोटरवर अन् हबवर प्रेशरचा पंप मारू नका.

पांदणवाला_घाटंजी
10 स्पीड रद्द. पट्टी 1/8 च्या पुढे दाखवते, म्हणजे कॅसेट घ्यावीच लागेल. एक शंका: या सायकलला एक चेन पुरत नाही, तर नव्या चेनला जुन्याचा तुकडा जोडला तर चालेल का?

चेनव्हील_38
नाही. जुन्या तुकड्याच्या कड्या लांबलेल्या असतात, त्या नव्या दातांवर वर चढतात आणि तिथेच सटकतं. एकाच कंपनीच्या, एकाच मॉडेलच्या 116 कड्यांच्या दोन नव्या चेन घ्या. सगळ्यात मोठी चकती आणि चेनव्हील यांवरून, डिरेलर सोडून, चेन फिरवा. टोकं जुळतात तिथून 2 कड्या जास्त ठेवून कापा. दोन्ही जोडांना 8 स्पीडचीच क्विक लिंक, म्हणजे चेन जोडायची खास कडी, वापरा. मोटर बंद ठेवा, लिंक वरच्या बाजूला आणा, मागचा ब्रेक दाबून पायडलवर जोर द्या. टक्क वाजून बसते.