मदत हवी आहे: आईची विधवा पेन्शन 'बाई' शब्दावर अडकलीये

वडील जूनमध्ये गेले, साखर कारखान्यातून रिटायर होते, ईपीएस ९५ ची (पीएफवाल्यांची पेन्शन योजना) पेन्शन मिळायची. आता आईला लावायचीये म्हणून १०डी फॉर्म (पेन्शनचा अर्ज), मृत्यू दाखला, पीपीओची (वडिलांच्या पेन्शन मंजुरीचा कागद) झेरॉक्स, आधार, पासबुक सगळं दिलं, पण पीपीओवर आईचं नुसतं नाव आणि आधारवर त्याला 'बाई' जोडलेलं, म्हणून फाईल परत. या एका 'बाई'पायी तीन हेलपाटे झाले! नोटरीचं अ‍ॅफिडेव्हिट दिलं तर एक जण म्हणतो गॅझेट करा (सरकारी राजपत्रात नाव छापून घ्या), दुसरा म्हणतो कारखान्याचं पत्र आणा, आणि कारखाना तर कधीचा बंदय. वडिलांच्या खात्यात नंतर जमा झालेली पेन्शन काढलेली नाही, तशीच आहे. आधारवरचं 'बाई' काढून घेतलं तर चालेल का गॅझेट लागतंच?