फी हा नुसता टोकन समजा

लेकाला आइस हॉकीच्या 'ट्रिपल ए' म्हणजे सगळ्यात वरच्या पातळीच्या संघात घालू का, फी झेपेल का, असं इथे एका पालकाने विचारलंय. अहो, फी हा नुसता टोकन! आम्ही कॅनडात, मिसिसागात, मुलगा गोलकीपर. पॅड जुनेच शोधतो, पण पाय वाढला की स्केट्स नवे. बाहेरगावच्या स्पर्धांची हॉटेलं वेगळीच.

डोकं खरं फिरतं ते निवड चाचणीला. पैसे भरून पोरं घाम गाळतात नि यादी आधीच ठरलेली, त्यात कोचचा मुलगा हमखास. आमचा निवडला गेला, पण राखीव म्हणून बाकावर बसून तिथलं दार उघड-बंद करायला!

यंदा हाऊस लीगमध्ये, म्हणजे सगळ्यांना खेळायला घेणाऱ्या स्थानिक लीगमध्ये टाकलाय. निम्मा वेळ तरी खेळतो. पुण्याची आजी व्हिडिओ कॉलवर सामना बघते. तिला पक, म्हणजे खेळातली ती छोटी चकती, काही दिसत नाही, तो भाग वेगळा.