विषय: डीव्रीस यांना किती वर्षं द्यायची? (जुलै २०२५)

कोलंबसकर काका

नमस्कार मंडळी,

गणपतीच्या हॉलची चर्चा त्या दुसऱ्या धाग्यावर चालू द्या. परवाच्या सहलीत जो विषय रंगला आणि पाऊस आल्यामुळे अर्धाच राहिला, तो इथे पुरा करू.

माझं म्हणणं तिथे सांगितलं तेच. पुरुष बास्केटबॉल संघाचे नवे कोच डॅरियन डीव्रीस यांना इंडियाना विद्यापीठाने सहा वर्षं द्यावीत. मधे एखादा हंगाम वाया गेला, दोन गेले, तरी द्यावीत. इथले सगळ्यात गाजलेले कोच बॉब नाइट यांना २००० च्या सप्टेंबरात काढलं. तेव्हापासून मधला तात्पुरता माणूस सोडला तर हे सहावे कोच. डेव्हिस सहा वर्षं, सॅम्पसन दोन वर्षंही पुरी नाहीत, क्रीन नऊ, आर्ची मिलर चार, वुडसन चार. मिलरना घरी पाठवायला एक कोटी डॉलरच्या वर गेले आणि ते देणगीदारांनी भरले. एवढं करून हाती काय आलं? पाचवा बॅनर, म्हणजे हॉलमध्ये टांगलेला राष्ट्रीय विजेतेपदाचा झेंडा, १९८७ चा. सहावा अजून टांगायचा आहे.

मी त्याच वर्षी जानेवारीत किर्लोस्कर कमिन्समधून इथे, इंडियानातल्या कोलंबसला आलो. या खेळातलं मला ओ की ठो कळत नव्हतं, शाळेत खो-खो खेळलेला माणूस मी. मार्चअखेर ऑफिसातल्या एका वयस्कर सहकाऱ्याने अंतिम मॅच बघायला घरी बोलावलं. तळघरात वीसेक माणसं, सगळी लाल स्वेटरमध्ये. शेवटच्या अर्ध्या मिनिटात समोरचं सिराक्यूज विद्यापीठ एका गुणाने पुढे. चेंडू आपल्या स्टीव्ह आल्फर्डकडे जाणार हे सगळ्यांना ठाऊक होतं, कारण त्या रात्री त्याने सात थ्री-पॉइंटर, म्हणजे लांबून तीन-तीन गुणांच्या बास्केट, टाकले होते. म्हणूनच सिराक्यूजने त्याला मोकळं सोडलं नाही. चेंडू कीथ स्मार्टकडे गेला, त्याने डाव्या बाजूने उडी घेतली आणि पाच-एक सेकंद उरले असताना बास्केट झाली. ७४-७३. साठीचे यजमान जमिनीवर बसून लहान मुलासारखे रडत होते, आणि त्यांच्या बायकोने माझ्या हातात कॉफीचा कप दिला तेव्हा तिचाही हात थरथरत होता. मी मॅच कशी जिंकली ते दुसऱ्या दिवशी समजून घेतलं. पण या राज्यात हा खेळ माणसांच्या किती आत उतरलेला आहे, ते त्याच रात्री कळलं.

असं काही पुन्हा उभं करायचं तर दर चार वर्षांनी पाया खणून चालत नाही. नाइटसुद्धा १९७१ ला आले आणि त्यांचा पहिला बॅनर १९७६ ला लागला, पाचव्या हंगामात.

आपला,
कोलंबसकर

कार्मेलकर ताई

काका, नमस्कार.

तुमचं मन कळतं, पण नाइट यांचं उदाहरण मी घेणार नाही. १९७६ ची ३२-० कामगिरी खरी, त्यानंतर आजवर वरच्या श्रेणीतला एकही पुरुष संघ सगळ्या मॅच जिंकून विजेता झालेला नाही, हेही खरं. पण सरावात एका पोराच्या गळ्यावर हात ठेवलेला तो व्हिडिओही खराच होता. मी दोन मुलांची आई आहे. त्या बॅनरकडे बघताना मला दोन्ही आठवतं. आणि गेली पंचवीस वर्षं आपण प्रत्येक नव्या कोचमध्ये नाइट शोधतो, निदान त्यांची सावली तरी. माइक वुडसन यांना आणलं ते प्रामुख्याने ते नाइटच्या हाताखाली खेळले म्हणून, घरचा माणूस म्हणून. घरचा माणूस म्हणून आणलं, आणि मग त्याच्याशी कसं वागलो ते मी डोळ्यांनी पाहिलंय.

२०२५ च्या जानेवारीत इलिनॉयच्या मॅचला मी धाकट्याला घेऊन गेले होते. तो बारा वर्षांचा, असेम्ब्ली हॉलमध्ये पहिल्यांदाच. त्या हॉलच्या पायऱ्या किती उभ्या आहेत ते तुम्हाला माहीत आहे. वर बसलं की वाटतं आपण थेट मैदानावर वाकून बघतोय. खेळाडू लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या पँटी घालून सरावाला आले, तेव्हा हा खुर्चीवर उभाच राहिला. आई, त्यांच्या शर्टावर नावं का नाहीत, म्हणाला. मी सांगितलं, इथे पुढे लिहिलेलं संघाचं नाव मोठं असतं.

मग मॅच सुरू झाली आणि हातातून गेली. ९४-६९. अर्ध्यातच लोकांनी वुडसनना काढा म्हणून ओरडायला सुरुवात केली, एका सुरात, टाळ्यांच्या ठेक्यावर. आधी विद्यार्थी, मग आमच्या रांगेतले आजी-आजोबासुद्धा. सहासष्ट वर्षांचा माणूस, ज्याने तरुणपणी याच मैदानावर घाम गाळला, तो हात मागे बांधून उभा होता. मुलाने मला विचारलं, हे आपलेच लोक आहेत ना? मला उत्तर सुचलं नाही. परतीच्या वाटेवर त्याने गाडीत डोळे मिटून घेतले, पण झोपला नव्हता.

साडेतीन आठवड्यांत वुडसन जाणार हे जाहीर झालं. त्यानंतर त्याच संघाने मिशिगन स्टेटला त्यांच्या घरी हरवलं, आणि राज्यातल्याच प्रतिस्पर्धी पर्ड्यू विद्यापीठाला आपल्या घरी ७३-५८. मध्यंतरापर्यंत बारा गुणांनी मागे होतो!

तेव्हा वर्षं किती द्यायची हे ठरवा, काका. मला आधी हे ठरवायचंय की जी वर्षं देऊ, त्यात आपण कसे वागणार.

वेस्टफील्डकर

काका, ताई,

मी पर्ड्यूचा, त्यामुळे मधे बोलावं की नाही असा विचार करत होतो. पण काकांच्या बाजूने सगळ्यात भक्कम पुरावा आमच्याकडे आहे, म्हणून लिहितो.

१९८० पासून आजपर्यंत पर्ड्यूला दोनच कोच. पंचवीस वर्षं जीन कीडी, आणि २००५ पासून मॅट पेंटर, जे कीडींच्याच हाताखाली खेळले. पंचेचाळीस वर्षांत दोन माणसं. ताई, घरचा माणूस आणणं चूक नाही. त्याला घरच्यासारखं सांभाळणं जमलं पाहिजे.

२०२३ च्या मार्चमध्ये आम्ही राष्ट्रीय स्पर्धेत पहिलं सीड (मानांकन) होतो आणि सोळाव्या सीडच्या फेअरली डिकिन्सनने आम्हाला ६३-५८ हरवलं. कोलंबसमध्ये, काका, पण ओहायोच्या. आम्ही तिघं मित्र गाडी घेऊन गेलो होतो. परतीच्या सगळ्या रस्त्यात कुणी रेडिओसुद्धा लावला नाही. देशभर आमची छी-थू झाली. दुसऱ्या एखाद्या विद्यापीठात पेंटर यांची त्याच आठवड्यात गच्छंती झाली असती. आमच्याकडे ते राहिले, खेळाडूंपैकी झॅक ईडी राहिला, ब्रेडन स्मिथ आणि फ्लेचर लॉयर राहिले, आणि पुढच्याच वर्षी तोच संघ अंतिम सामन्यात उभा होता. कनेक्टिकटकडून हरलो, ७५-६०. बॅनर आमच्याकडेही नाही, हे मान्य. पण हरल्यावर एकत्र राहायचं कसं, हे मी त्या एका वर्षात शिकलो.

आणि ब्रेडन स्मिथ आमच्या वेस्टफील्डच्या शाळेतला. आमच्या गल्लीतल्या प्रत्येक ड्राइव्हवेवर बास्केट आहे आणि प्रत्येक पोराला वाटतं, सहा फुटांचा ब्रेडन करू शकतो तर मीही करीन. तो, लॉयर आणि कॉफमन-रेन, तिघेही इंडियाना राज्यातले आणि तिघेही २०२५-२६ ला चौथ्या हंगामासाठी परत आलेत. चार हंगाम एकमेकांचे पास ओळखणारी मुलं हल्ली कुठे बघायला मिळतात?

ब्लूमिंग्टनकर

सगळ्यांना नमस्कार. काका, मी तुमच्यापेक्षा पस्तीस वर्षांनी लहान आहे आणि इथेच शिकलोय, तर जरा विरोध करतो. राग मानू नका.

पहिलं म्हणजे नाइट यांना बॅनरसाठी पाच हंगाम लागले, पण दुसऱ्याच हंगामात, १९७३ ला, त्यांनी संघ फायनल फोरला, म्हणजे शेवटच्या चार संघांत, नेला होता. माणूस योग्य असेल तर खूण लवकर दिसते.

दुसरं, सहा वर्षं हे माप आता जुनं झालं. २०२१ पासून खेळाडूंना नाव-प्रसिद्धीचे पैसे मिळतात. विद्यापीठ बदलायचं तर एक वर्ष बाहेर बसायची अट गेली. २०२५ च्या जूनमध्ये कोर्टाने तडजोड मंजूर केली, त्यामुळे विद्यापीठ स्वतःच खेळाडूंना २०२५-२६ या वर्षात दोन कोटी पाच लाख डॉलरपर्यंत वाटू शकतं, सगळे खेळ मिळून. डीव्रीस २०२५ च्या मार्चमध्ये आले तेव्हा ड्रेसिंग रूम जवळजवळ रिकामी होती. जुन्या खेळाडूंपैकी रेनो मायामीला गेला, एमबाको टेक्सस ए अँड एमला, राइस मेरीलँडला. त्यांनी पोर्टलमधून, म्हणजे विद्यापीठ बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या यादीतून, वेचून अख्खा संघ उभा केला: सॅम ह्यूस्टन विद्यापीठाचा लमार विल्करसन, ट्रॉयचा कॉनरवे, डेव्हिडसनचा बेली, आणि त्यांचा स्वतःचा मुलगा टकर. जिथे मुलंच दर वर्षी नवी, तिथे कोचने पाया कशाचा घालायचा?

शेजारच्या स्टेडियमकडे बघा. फुटबॉलचे कोच सिग्नेटी आले, जेम्स मॅडिसन विद्यापीठातून डझनभर पोरं बरोबर घेऊन आले, आणि आदल्या वर्षी ३-९ असलेला फुटबॉल संघ पहिल्याच वर्षी, २०२४ ला, ११-२ झाला. माझे बाबा तीस वर्षं ब्लूमिंग्टनमध्ये आहेत, त्यांनी फुटबॉलचं तिकीट पहिल्यांदा गेल्या वर्षी काढलं.

आणि शेवटचं. काका, ज्या कीथ स्मार्टच्या बास्केटने तुमचे यजमान रडले, तो कुठून आला होता? कॅन्ससच्या एका ज्युनियर कॉलेजातून. त्याच संघातला डीन गॅरेट कॅलिफोर्नियाच्या ज्युनियर कॉलेजातून. पाचवा बॅनर बाहेरून आलेल्या मुलाने मिळवून दिला.

कार्मेलकर ताई

स्मार्टचं मला माहीत नव्हतं. हे वाचून छान वाटलं.

डीव्रीस यांच्याबद्दल आशा वाटते ती एका कारणाने. वुडसनचे दोन उंच गडी आत उभे राहायचे, चेंडू आत जायचा आणि तिथेच गर्दीत अडकायचा. बाहेरून नेम धरणारे कमी. डीव्रीस यांनी यंदा नेमबाज गोळा केलेत. बघायला तरी मोकळा खेळ मिळेल.

कोलंबसकर काका

ब्लूमिंग्टनकर, राग कसला मानायचा? १९७३ चा मुद्दा मान्य. मी सोयीचं तेवढंच सांगितलं, ते बरोबर नाही.

स्मार्टबद्दल मात्र अर्धंच पटलं. तो बाहेरून आला खरा, पण दोन हंगाम राहिला. आणि तो शॉट त्याला मिळाला कसा? सिराक्यूजचं सगळं लक्ष आल्फर्डवर होतं म्हणून. आल्फर्ड न्यू कॅसलचा, इथलाच, चौथ्या वर्षाचा. एकाने दार अडवून धरलं तेव्हा दुसरा आत गेला. माझं म्हणणं आता जरा बदलून सांगतो: पोर्टलला माझा विरोध नाही. पण यंदा जी मुलं घेतलीत त्यांतल्या बहुतेकांचं हे शेवटचंच वर्ष. पुढच्या उन्हाळ्यात ड्रेसिंग रूम पुन्हा रिकामी. मग पुन्हा खरेदी. असं तीन वर्षं केलं तर चौथ्या वर्षी हॉलमध्ये ताईंनी ऐकलं तेच ओरडणं सुरू होणार, कारण लोकांनी जीव लावावा असं कुणी मैदानात उरलेलंच नसेल.

आपला कॅल्बर्ट चेनी चार वर्षं राहिला आणि बिग टेन या आपल्या विद्यापीठ-गटात पुरुषांमध्ये सर्वांत जास्त गुणांचा विक्रम आजही त्याच्या नावावर आहे, २६१३. तो एव्हन्सव्हिलचा. ट्रेस जॅक्सन-डेव्हिस ग्रीनवुडचा, तोही चार वर्षं राहिला, आणि इतक्या कठीण काळातही लोक त्याच्यासाठी यायचे.

म्हणून मी विल्करसन किंवा टकरपेक्षा ट्रेंट सिस्लीकडे बघतोय. सांता क्लॉज नावाच्या गावचा मुलगा, दक्षिण इंडियानातला. वुडसन असताना हो म्हणाला होता. कोच गेला, सगळा संघ पांगला, तरी याने शब्द मोडला नाही. अठरा वर्षांच्या पोराने एवढा धीर धरला. डीव्रीस स्वतःही असेच आहेत. क्रेटन विद्यापीठात ते कितीतरी वर्षं सहायक होते, मग ड्रेक विद्यापीठात मुख्य कोच म्हणून सहा वर्षं, आणि सहाही हंगामांत वीस किंवा जास्त विजय. ते टिकणारे आहेत. टिकू देणारे आपण आहोत की नाही, एवढाच प्रश्न.

वेस्टफील्डकर

काका, सिस्लीवर आमच्याकडेही पुष्कळांचा डोळा होता. चांगला मुलगा मिळालाय तुम्हाला. पहिल्या वर्षी त्याला दहाच मिनिटं मिळाली तर लगेच पोर्टलकडे बघू नये, एवढं त्याच्या घरच्यांना कुणीतरी सांगायला हवं.

ब्लूमिंग्टनकर

काका, दार अडवून धरण्याचं पटलं. तरी मी तीनच वर्षं म्हणेन. तिसऱ्या हंगामाच्या मार्चपर्यंत एनसीएएच्या राष्ट्रीय स्पर्धेत दुसऱ्या आठवड्यात, म्हणजे शेवटच्या सोळांत, संघ दिसला पाहिजे. २०१६ नंतर तिथे आपण एकदाही पोचलेलो नाही, आणि मी तेव्हा शाळेत होतो.

ओरडण्याबद्दल ताईंना एक सांगायचं होतं. त्या रात्री मी विद्यार्थ्यांच्या स्टँडमध्ये होतो. मीही ओरडत होतो. तुमच्या मुलाचा प्रश्न वाचल्यापासून ते डोक्यातून जात नाही.

कार्मेलकर ताई

अरे, तू लिहिलंस हे फार बरं केलंस. त्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, मग या वेळी त्या दादाच्या शेजारी बसू.

हंगामाचं वेळापत्रक आलं की मी तिकिटं काढते. पर्ड्यूची मॅच घरी असेल ती. मी, दोन्ही मुलं, काका-काकू, तू आणि वेस्टफील्डकर, म्हणजे सात. वर, बॅनर दिसतील अशी. काकूंना पायऱ्या जमतील का ते काकांनी कळवावं, नाहीतर खालची बघते.